आजपत्तूर तरी बरं हाय

“कसं काय, नाना?” असं विचारलं की भिकानाना लगेच उत्तर देत नसत. आधी आभाळाकडे बघत, मग वळून स्वतःच्या घराकडे बघत, आणि मग कुणीतरी तिसरं ऐकेल अशा धास्तीने हळूच म्हणत, “आजपत्तूर तरी बरं हाय.”

आमच्या टेपवाडीत या उत्तराची नक्कल करत नाही असा माणूस नव्हता. मीही करत असे. पुण्याच्या कॉलेजात गेल्यावर खोलीतल्या पोरांना मी नानांची नक्कल करून दाखवायचो आणि ती पोरं पोट धरून हसायची. त्याची आज थोडी लाज वाटते.

मी मुळशी पेट्यातला. आमच्या घरात माझ्याआधी अंगठा उठवण्यापलीकडे कुणी गेलं नव्हतं. मी बी.ए. झालो, आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही. शिकलेला म्हातारा म्हणून हल्ली लोक मला वास्तुशांतीला बोलावतात आणि जेवणं झाली की दोन शब्द बोला म्हणतात. परवा असाच एका नव्या घरात बसलो होतो. देव घरी आला की घराचं कल्याण होतं, यावर बोला, असा यजमानांचा आग्रह. मी उभा राहिलो आणि भिकानानांचं मातीचं घर डोळ्यांपुढे आलं. जे बोलायचं ते पाच मिनिटांत बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून काहीतरी बोलून बसलो. ते राहिलेलं इथे लिहितो.

नानांच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हे जन्मले तेव्हा आईने पाच घरी हिंडून चिंध्या मागितल्या, त्यांची कुंची शिवली आणि नाव ठेवलं भिका. सटवाईला वाटावं की हे कुणाचं तरी मागून आणलेलं, टाकाऊ पोर आहे. त्यावरही समाधान झालं नाही, म्हणून मुलगी समजावी यासाठी नाक टोचलं. ते भोक नानांच्या नाकपुडीला शेवटपर्यंत होतं. मनात भीती आली की त्यांचा उजवा हात आपोआप तिथे जायचा आणि दोन बोटं ते भोक चाचपत राहायची. आणि भीती त्यांच्या मनात येत नाही असा दिवस नव्हता.

बाजाराला निघाले की वेशीपासून परत येत. चुलीतला विस्तव झाकलाय का बघायला. पुन्हा निघत, पुन्हा येत. बैलाच्या दाव्याला दोन गाठी, शेळीच्या दाव्याला तीन. त्यांच्या घराचं दार दिवसाढवळ्या बंद असे. आतून शिसवीचा अडसर घातलेला. भिंतीतल्या दोन भोकांत बसणारं ते दारामागचं आडवं लाकूड नानांनी स्वतः तासलं होतं, आणि गावात त्याच्या तोडीचा अडसर पाटलाच्या वाड्यालाही नव्हता. आत होतं काय? चार मडकी, दोन घोंगड्या, आणि नानी. नानी म्हणायची, “मला कोन पळवून न्हेनार हाय? न्हेलंच तर दुसऱ्या दिशी आनून सोडील.” नानी तोंडाने फटकळ होती, आणि नानांच्या संसारात तेवढंच एक न भिणारं माणूस होतं.

धरणाची मोजणी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. धरण बांधणाऱ्या कंपनीच्या माणसांनी जागोजागी लाकडी खुंट्या ठोकल्या. इथवर पाणी येणार, अशी ती खूण. पोरं रात्रीत खुंट्या उपटून ओढ्यात फेकायची. एक खुंटी नेमकी नानांच्या अंगणात आली. नानांनी ती उपटली नाही. तिच्याभोवती करवंदीच्या फांद्यांचं कुंपण घातलं, कोंबडी बसायला नको, शेळीने घासायला नको म्हणून. लोक येऊन बघून जायचे. पाटील म्हणाले, “भिका, आता हळदकुंकू वाहा तिला.” नाना गंभीरपणे म्हणाले, “हसा तुमी. उद्या कायतरी इपरीत झालं म्हंजी माझ्याच नावावर येईल.”

सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात गेली, परत आली. खुंट्या राहिल्या. भिंत वर येत गेली. अखेर एका उन्हाळ्यात सांगणं आलं की या पावसाळ्यात पाणी चढेल, गाव रिकामं करा. कुणी घाटावर गेलं, कुणी नात्याच्या गावी, आणि आमच्यासारखी दहा-बारा घरं आठ कोसांवर पौडाच्या रस्त्याला, कासार आंबोलीच्या शिवारात उतरायची होती. मी त्या सुट्टीत घरी होतो. माणसं कौलं उतरवत होती, तुळया काढत होती. नाना अडसर एका घोंगडीत गुंडाळून काखेत घेऊन हिंडत होते.

सगळ्यांचं सगळं बांधून झालं, आणि मग देवाची आठवण झाली.

आमचा भैरवनाथ म्हणजे कमरेइतका उंच शेंदराचा दगड. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत जाऊन त्याला ना तोंड राहिलं होतं ना हातपाय. देव कडक अशी ख्याती. एकदा दिवा विझला म्हणून कुणाचा तरी बैल गेला होता, एकदा शिवाशिव झाली म्हणून कुणाची तरी दृष्टी. नवीन जागी देऊळ बांधेपर्यंत देव कुणाच्या तरी घरी ठेवावा लागणार होता. देवळापुढे गाव जमलं. विठू गुरवाने विचारलं, कोण नेतो?

कुणीच बोलेना. ज्या देवाला सगळे नवस बोलले त्याला घरात घ्यायला एक उंबरा मोकळा नव्हता. पाटील म्हणाले, आमच्यात बायामाणसं फार, सोवळं पाळवत नाही. एकाच्या घरावर अजून छप्पर चढायचं होतं. एकाच्या घरात म्हातारी खोकत होती, तिचं काही बरंवाईट झालं तर सुतक येईल. माझे वडीलही मान खाली घालून उभे होते. मी मनात म्हणत होतो, दगड तर आहे, उचलून ठेवा कुठेही. पण तेही मोठ्याने म्हणायची माझी छाती झाली नाही.

शेवटी विठू गुरव म्हणाला, “मंग ऱ्हाऊ द्या हितंच. देव हाय, पान्यात काय नि भाईर काय.”

मागून आवाज आला, “एकलाच?”

भिकानाना होते. नेहमीसारखे सगळ्यांच्या मागे, पळायची वेळ आली तर बरं पडावं अशा जागी. बोटं नाकपुडीवर.

“एकला म्हंजी?” गुरव म्हणाला.

“म्हंजी आपुन समदी जानार. आन् त्यो हितं अंधारात, पान्याखाली. एकलाच ऱ्हानार?”

दोघे-तिघे हसले. पाटील म्हणाले की भिकाला आता देवाचीपण काळजी लागली. नाना हसले नाहीत. वळून आपल्या उघड्या पडलेल्या घराकडे बघितलं आणि म्हणाले, “माझ्यात चला म्हनावं मंग.”

नानीने डोक्याला हात लावला. मुलगा सखाराम मागे वळून बघू लागला. त्याची बायको मंजुळा पदर तोंडाशी धरून उभी होती. तिचं पहिलं मूल ओढ्याला पूर आला आणि पलीकडची सुईण येऊ शकली नाही म्हणून गेलं होतं. दुसरं जन्मतःच गेलं होतं. ज्या घरात आधीच एवढं झालं त्यात हा कडक देव आणायचा, हे काय खूळ, असं सगळ्यांच्याच तोंडावर दिसत होतं. पण कुणी नको म्हणालं नाही, कारण नको म्हटलं की देव आपल्याकडे यायचा.

पहारी लावल्या. चौघांनी जोर केला. देव हलला, आणि कडकन आवाज होऊन शेंदराचं ते जाड कवच उभं चिरलं. दोन डाळींसारखी दोन शकलं दोन्हीकडे पडली. माणसं मागे पळाली. बायका रडायला लागल्या. विठू गुरवाच्या हातातली पहार गळून पडली. देव कधीमधी असं कवच टाकतो हे त्यालाही ऐकून ठाऊक असणार, पण त्याच्या हयातीत ते घडलं नव्हतं, आणि घडलं ते असल्या दिवशी.

आत होता एक काळा दगड. दीड वितीचा. दोन खोल डोळे कोरलेले, बाकी काही नाही.

कुणी पुढे होईना. तेव्हा नाना पुढे झाले. एक हात नाकपुडीवरच होता. जवळ जाऊन वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, “येवढासा तर हाय.” मग डोक्याचं मुंडासं सोडलं, त्यात तो दगड गुंडाळला आणि तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला. बोडक्या डोक्याने घराबाहेर पडायचं नाही हा नेम पाळणारा माणूस बोडका आठ कोस चालला. गाडीत ठेवा म्हटलं तर म्हणाले, गाडी हादरे देते. वाटेत एका आंब्याखाली टेकले तेव्हाही मांडीवरून उतरवला नाही. कवचाची शकलं गुरवाने मुळेच्या पात्रात सोडली. आता ती आणि गाव दोन्ही पाण्याखाली आहेत.

नव्या जागी नानांचं घर म्हणजे एकच खण. एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात कणगी, आणि पूर्वेच्या भिंतीशी पाटावर भैरवनाथ. पुढे तेलाचा दिवा. बाहेर गोठ्याची पडवी. पहिले काही महिने त्या घरात कुणी मोकळा श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. नाना शिंकायला बाहेर जात. भाकरीचा पहिला घास देवाला दाखवत आणि तो खाईल की काय अशा नजरेने थांबून राहत. कोंबडी मेली तर पाटापुढे बसून विचारत, माझं काय चुकलं का. बैल लंगडला, विचारत. छप्पर गळलं, विचारत. नानी मला म्हणाली होती, “देव घरात आल्यापास्नं नवऱ्याला शिवी द्यायची तर मला ओढ्यावर जावं लागतंया. पानी आनायचं निमित करून जाते, चार देते, मग घागर भरते.”

आणि आमची माणसं वाट बघत होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. भिकाच्या घरात पहिलं वाईट काय घडतंय, याची वाट बघत होती. आपण देव नाकारला ते शहाणपणाचं होतं असं ठरायला काहीतरी घडायला हवं होतं.

पण घडत होतं ते दुसरंच. रविवार हा भैरवनाथाचा वार. दर रविवारी कुणी ना कुणी येऊ लागलं. देव नको म्हणणारे लोकच दर्शनाला यायचे, त्यात त्यांना काही वाटत नसे. पाच-सहा ठिकाणी पांगलेली टेपवाडी रविवारी नानांच्या अंगणात भेटायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाची पोरगी उजवली, नव्या गावात ‘बुडितातली माणसं’ म्हणून कुणी हिणवलं, सगळं तिथे बोललं जायचं. पांगलेल्या घरांतली दोन लग्नं त्या अंगणात जुळली. बांधावरून बोलणं टाकलेले दोन भाऊ, ज्यांचा बांधच आता पाण्याखाली होता, ते तिथे एका तांब्याने पाणी प्याले. माणसं यायची म्हणून दार बंद ठेवता येईना. देवाच्या तोंडावर दार लावायचं कसं, हा नानांपुढे मोठा पेच होता. अडसर भिंतीशी उभा राहिला. नाना येताजाता त्याच्याकडे असं बघायचे, जसं कुणी दूर ठेवलेल्या औषधाकडे बघतं.

मग मंजुळाला तिसऱ्यांदा दिवस गेले, आणि सगळ्यांची काळजी एका जागी येऊन बसली.

तिला सहावा लागला तेव्हा पाटील आणि विठू गुरव नानांकडे आले. मीही तिथे होतो. गुरवाने समजावून सांगितलं की बाळंतपण म्हणजे सोयर, दहा दिवस घर विटाळलेलं. देव ज्या छपराखाली त्या छपराखाली मूल जन्मलं तर हा देव काय करील ते सांगता येत नाही. मंजुळाचं माहेरही बुडितातलंच, तिकडची माणसं कुठल्या कुठे गेलेली, तिला पाठवायला जागा नाही. तर दोनच वाटा. देवाला पिंपळाखाली खोपीत हलवा, नाहीतर सुनेला गोठ्याच्या पडवीत. नानांचा हात नाकावर गेला. दोन पोरं गेलेली होती. माघातली थंडी, पडवीला भिंत एकीकडून नव्हतीच. पण देवाला उघड्यावर काढायचं म्हणजेही काही सोपं नव्हतं.

“बघू,” नाना म्हणाले.

“बघू काय? येळ आली म्हंजी बघनार का?”

“आजपत्तूर तरी बरं हाय,” नाना म्हणाले. मला हसू आलं, पण नानीकडे लक्ष गेलं आणि मी गप्प बसलो. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती आणि तिने एकही टोला दिला नव्हता.

सखारामने पडवीला कूड घातला, शेण-मातीने लिंपला. नववा भरत आला की तिला तिकडे न्यायचं ठरलं. नानांनी रोज जाऊन त्या कुडावर हात फिरवून बघितला. ओल आहे का, फट आहे का. रोज फट सापडायची.

माघातला एक रविवार. दिवस माथ्यावर आला होता. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. माझा बी.ए.चा निकाल लागून थोडेच दिवस झाले होते आणि वडील मला देवाच्या पाया पडायला घेऊन आले होते, म्हणजे खरं तर लोकांना दाखवायला. बारा मैलांवरून हौसाबाई आली होती. ही आमच्या जुन्या गावची सुईण, पहिल्या खेपेला पुरामुळे जिला ओढा ओलांडता आला नव्हता तीच. देवाला नारळ आणि नानीशी गप्पा, एवढ्यासाठी ती महिन्यातून एका रविवारी यायची. ती आत बसली होती आणि मंजुळा तिला पाणी द्यायला उठली, ती तिथेच खाली बसली. तीन आठवडे आधी.

आतून नानीने सखारामला हाक मारली. पडवीत घोंगडी टाक म्हणाली. सखाराम धावला. पण हौसाबाई दारात आली आणि तिने अंगणाला ऐकू जाईल असं सांगितलं, “हलवायची न्हाई. पोर पायाकडनं हाय. उचललं तर दोगंबी जातील.”

अंगण उठून उभं राहिलं. विठू गुरव दाराकडे धावला आणि उंबऱ्यापाशी थबकला. आत जावं तर बाळंतीण, न जावं तर देव. तो ओरडून सांगू लागला, आधी देव भाईर काढा, आधी देव काढा. पाटील म्हणाले, कौल लावल्याशिवाय त्याला जागचा हलवता येत नाही. कौल लावायला वेळ कुठे होता? बायका म्हणत होत्या, नानाने हात लावावा, त्यानेच आणलाय. मी पुढे होऊन गुरवाला सांगू लागलो की विटाळ वगैरे काही नसतं, स्वच्छता महत्त्वाची. कुणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. एवढ्या वर्षांची माझी विद्या त्या दुपारी अंगणात माझ्यासारखीच हात चोळत उभी होती.

भिकानाना उंबऱ्यावर आले. मी त्यांच्या बाजूलाच होतो. दोन बोटं नाकपुडीवर इतकी दाबलेली की नाक पांढरं पडलं होतं. आतून मंजुळाचं कण्हणं येत होतं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही, मान वळवून पूर्वेच्या भिंतीकडे पाहिलं. पाटावर तो दीड वितीचा दगड, पुढे दिवा. सगळ्या गावाला वाटलं, आता आत पाऊल टाकतील आणि देव उचलतील. मलाही तसंच वाटलं.

नाना उंबऱ्यावरच राहिले. देवाशी बोलले. मोठ्याने नाही, पण सगळे गप्प झाले होते म्हणून ऐकू आलं.

“तुला बुडितातनं आनला तवाच म्हनलो व्हतो, माझ्या घरचा हो. घरचं मानूस असल्या वक्ताला भाईर जात न्हाई. हितंच बस तिच्यापाशी.” मग म्हणाले, “आन् घाबरू नगं.”

त्यांनी दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून अंगणाकडे तोंड करून खाली बसले. हात नाकावरून निघाला आणि मांडीवर पडून राहिला. विठू गुरव त्यांच्याकडे बघत राहिला, मग हळूहळू मागे सरला आणि चाफ्याखाली जाऊन बसला. पाटील बसले. एकेक करून सगळे बसले. घरी कुणीच गेलं नाही.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. ऊन अंगणाच्या मध्यावरून कुडापर्यंत सरकलं. एकदा नानी पाण्याची घागर आत घ्यायला दार किलकिलं करून गेली. मग आतलं कण्हणं थांबलं आणि काहीच ऐकू येईना. हा वेळ सगळ्यात वाईट होता. सखाराम पडवीच्या नव्या कुडाला डोकं टेकून उभा होता. हौसाबाईने पोराच्या पाठीवर मारलेल्या चापट्यांचे आवाज आले. एक. दोन. मी मोजायचं सोडलं. मग मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी ओरडलं, आणि पुन्हा ओरडलं, या खेपेला जोरात.

नाना उठले नाहीत. त्यांना उठता आलं नाही. विठू गुरवाने येऊन हात दिला.

मुलगी होती. दोघीही वाचल्या.

पण सोयर ती सोयरच. दहा दिवस नानांच्या घरच्या कुणाला देवाला शिवता येईना, आणि देव घरात आल्यापासून तो दिवा एकदाही विझला नव्हता. नाना पडवीत बसून त्याच घोरात पडले. गुरव म्हणाला, आजचा मी लावतो, उद्याचं उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील तेल घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी त्या दोन भावांतला थोरला, पाच मैल चालून. चौथ्या दिवसाची वात मी लावली. बी.ए. झालेला, विटाळ न मानणारा मी, पहाटे आंघोळ करून अनवाणी गेलो, आणि वात सरळ बसेना म्हणून ती तीनदा वळली. पलीकडे बाजेवर मंजुळा मुलीला घेऊन झोपली होती. त्या कोंदट खोलीत शेपा-ओव्याचा आणि तेलाचा एकच वास झाला होता. देव त्या दोघींच्या पायथ्याशी बसल्यासारखा दिसत होता. दहा दिवस दहा घरची माणसं आली. ज्यांनी ज्यांनी उंबरा नाही म्हटलं होतं, त्यांतले झाडून सगळे.

बाराव्या दिवशी बारसं. बायकांनी आपसांत ठरवलंच होतं, दोन गेलेल्यांवरची आहे, नाव हलकं ठेवायचं. धोंडी ठेवा, केरी ठेवा. हौसाबाई म्हणाली, भिकीच ठेवा, आजा तगला तशी तगंल. कुंचीसाठी पाच घरच्या चिंध्यासुद्धा मागून आणल्या होत्या. नाना दारात उभे होते. बायकांच्या कामात न बोलणारा माणूस म्हणाला, “न्हाई. चांगलं ठेवा. सोना ठेवा. आन् मोठ्यानं म्हना.”

नानी म्हणाली, “आन् कुनाची नजर लागली म्हंजी?”

“लपवायचं कुनापास्नं?” नाना म्हणाले. “ज्याच्यापास्नं लपवायचं त्यो तर घरातच बसलाय. त्यानं बघितलंय तिला आपल्या आदुगर.”

पाळण्यात मुलीच्या कानाशी नानीने ‘सोना’ असं म्हटलं, ते बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

वास्तुशांतीत मला जे बोलायला लावतात ते एवढंच आहे. देव घरात आला म्हणून नानांच्या कणगीत चार पायली जास्त आल्या नाहीत. त्या वर्षी तो लंगडलेला बैलही गेला. पण देवासाठी दार उघडं राहिलं, दारातून माणसं आली, आणि त्या माणसांत एका रविवारी नेमकी हौसाबाई होती. याला योगायोग म्हणा असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. शिकलेल्या माणसाला ते शोभतंही. पण मी त्या अंगणात होतो.

त्याच साली दिवाळीनंतर मला सोलापूरकडे शाळेत नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी नानांचा निरोप घ्यायला गेलो. दार सताड उघडं. अंगणात कोंबड्या. नानी ओढ्यावर गेली असावी, कुणाला काय शिव्या घालायला ते देव जाणे. मी उंबऱ्यापाशी गेलो आणि थांबलो.

आत दिव्याजवळ, भिंतीला डोकं टेकून, भिकानाना झोपले होते. या माणसाला मी आयुष्यात झोपलेलं पाहिलं नव्हतं. तोंड उघडं, मुंडासं घसरून मांडीवर आलेलं, आणि एका हातात दोरी. दोरीचं दुसरं टोक झोळीला होतं. झोळी एका आडव्या लाकडाला टांगली होती, आणि ते लाकूड दोन मेढींच्या बेचक्यात पक्कं बांधलेलं होतं. शिसवीचं, गुळगुळीत, हाताने तासलेलं. मी दाराच्या मागे बघितलं. भिंतीशी उभा असणारा अडसर तिथे नव्हता, आणि भिंतीतली दोन भोकं रिकामी होती.

माझ्या सावलीने त्यांचे डोळे जरासे उघडले. “कोन? शिवा का?”

“हो. उद्या निघतोय. कसं काय, नाना?”

त्यांनी आभाळाकडे बघितलं नाही. दोरीला एक हलका झोका दिला. “बरं हाय,” म्हणाले, आणि डोळे मिटले.

मी उभा राहिलो. लहानपणापासून ऐकलेले त्याच्या आधीचे दोन शब्द अजून यायचे राहिलेत असं मला वाटत होतं. ते आले नाहीत. झोळी हलत राहिली. मी दार होतं तसंच उघडं ठेवून निघालो.